धर्मबुडव्यांची यादी

गुरुवार पेठेतल्या अरुंद रस्त्यावरून मान वर केली की पंचहौद मिशनच्या चर्चचा उंच घंटामनोरा दिसतो. मान खाली आणली की दुचाक्या, माल उतरवणारे टेम्पो आणि चहाची टपरी. त्या टपरीवर मी अधूनमधून जातो. चहा बेताचाच असतो. पण चहाचा जो इतिहास या जागेला आहे, तो पुण्यातल्या एकाही अमृततुल्याला नाही.

१८९० च्या ऑक्टोबर महिन्यात या मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. गावातल्या नामांकित मंडळींना बोलावणं होतं आणि त्यामागे गोपाळराव जोशी होते. गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान; आनंदीबाई जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. गोपाळरावांचा स्वभाव असा, की चार माणसं एकत्र दिसली की त्यांना अडचणीत कसं आणता येईल हे त्यांना आधी सुचायचं. कार्यक्रम संपला आणि मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. ख्रिस्ती मिशनमधला चहा, तिथल्याच हातांनी केलेला. कोणी प्यायले, कोणी कप तोंडाजवळ नेला, कोणी यजमानांचं मन राखायला नुसता हातात धरला आणि खाली ठेवला. पुढे दीड-दोन वर्षं पुण्यात या तीन कृतींमधला फरक मोठमोठ्या विद्वानांनी चघळला.

कारण गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्रात छापून आणली. चाळीस-पन्नास नावांची ती यादी. तिच्यात न्यायमूर्ती रानडे होते, आणि टिळकही होते. सुधारकांचा म्होरक्या आणि सुधारकांना आडवा जाणारा म्होरक्या एकाच रकान्यात. प्रकरण संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांकडे गेलं. त्यांनी चौकशीला दोन शास्त्री नेमले. तोवर यादीतल्यांच्या घरी श्राद्धाला, मुंजीला भटजी मिळायची पंचाईत, पंगतीत ताट कोणाशेजारी मांडायचं याची पंचाईत. गावात दोन पक्ष पडले, आणि ते पक्ष चहावरून पडले असं मानून लोक मोकळे झाले.

मराठीत ‘धर्म बुडाला’ हे वाक्य मोठं सोयीचं आहे. क्रियापद अकर्मक. होडी बुडते तसा धर्म आपोआप बुडतो. कोणी बुडवला हे सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर येतच नाही. ती ऐकणाऱ्यावर येते. तो घरी जाता जाता ‘बुडाला’चं ‘बुडवला’ करतो आणि मग कर्ता शोधायला लागतो. कर्ता सापडला की त्याला नाव तयारच असतं: धर्मबुडव्या. कर्जबुडव्याच्या बाबतीत निदान कर्जाची रक्कम तरी दाखवावी लागते. इथे तीही गरज नाही. नावांची यादी असली की पुरे.

धर्माचं हत्यार राजकारणात चालतं हे कोणाला नव्याने सांगायला नको. मला कुतूहल आहे ते हे हत्यार या शहरात घडलं कसं याचं. आपण समजतो, की ते परधर्मीयावर उगारण्यासाठी तयार झालं. पुण्याचे जुने कागद वेगळं सांगतात. इथे ते पहिल्यांदा शेजारच्या पाटावर जेवायला बसणाऱ्यावर चाललं, आणि अजूनही त्याचा पहिला घाव बहुधा तिथेच बसतो.

पेशवाईत याला ग्रामण्य म्हणत. एखाद्याने, किंवा एखाद्या अख्ख्या जातीने, रीत मोडली असा आरोप व्हायचा, ब्रह्मवृंद जमायचा, निर्णय व्हायचा, दोषी ठरलेला पंगतीबाहेर. भांडण धर्माचं असे, पण निकाल अमलात आणायला सरकारचा शिपाई असे. १८१८ नंतर शिपाई गेला. इंग्रजांना कोणी कोणाबरोबर जेवावं यात रस नव्हता. शंकराचार्यांचं आज्ञापत्र तेवढं उरलं, त्यामागची काठी गेली. १८७० साली पुण्यात पुनर्विवाहावर शंकराचार्यांपुढे मोठा वाद झाला, विष्णुशास्त्री पंडितांची बाजू हरली आणि पुनर्विवाहवाले बहिष्कृत ठरले. तरी त्यांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत की घरांना टाळी लागली नाहीत. हाल झाले ते घरातल्या बायकांचे. त्यांना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली.

काठी गेली तरी गर्दी होती. १८७५ मध्ये स्वामी दयानंद पुण्यात आले, व्याख्यानं झाली, मिरवणूक निघाली. रानडे आणि जोतीराव फुले, एरवी वेगवेगळ्या वाटांचे दोघे, त्या मिरवणुकीत होते. विरोधकांनी त्याच दिवशी गाढव सजवून ‘गर्दभानंदा’ची मिरवणूक काढली. चिखलफेक झाली, दंगा झाला. शास्त्रार्थ बाजूला पडला. गाढव लोकांच्या लक्षात राहिलं. सभेतला वाद रस्त्यावर आणला की पुस्तकातला आधार कोणी विचारत नाही, ही युक्ती पुण्याला तेव्हाच कळली असावी.

मठाचं आज्ञापत्र आणि रस्त्यावरचं गाढव यांच्यामधली रिकामी जागा भरली वर्तमानपत्रांनी. १८९१ साली ते नीट दिसलं.

१८६० च्या दंडसंहितेत मुलीचं संमतिवय दहा वर्षं होतं. त्याहून लहान पत्नीशी संग हा गुन्हा. पुढे बंगालमधली फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीत मेली, आणि ती दहाच्या वर असल्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. सर अँड्र्यू स्कोबल यांनी ९ जानेवारी १८९१ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं: दहाच्या जागी बारा. बदल दोन वर्षांचा. लग्न कोणत्या वयात करावं याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

पुण्यात मात्र चर्चा रंगली गर्भाधान संस्काराची. पहिल्या ऋतुदर्शनानंतर ठरल्या दिवसांत गर्भाधान व्हायला हवं, मुलीला बाराच्या आत ऋतू आला तर कायद्याने तो संस्कार अडेल, संस्कार अडला की धर्म बुडाला. डॉक्टर भांडारकरांनी ग्रंथ काढून दाखवलं, की शास्त्राची तशी सक्ती नाही, पुढे ढकललं तर चालतं. टिळकांनी ‘केसरी’तून आणि ‘मराठा’तून त्यांना उलटे आधार दाखवले. दोघेही संस्कृतचे पंडित. वाद वाचनीय आहे. पण आज वाचताना सारखं वाटतं, की त्या पानांवर एक मुलगी होती, ती कुठे गेली?

टिळकांना बालविवाह आवडत होते असं म्हणणं खोटं ठरेल. आदल्याच वर्षी त्यांनी प्रतिसूचना मांडली होती, की सुधारणेची हौस असणाऱ्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं: मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही, मुलाचं विसाच्या आत नाही, चाळिशीनंतर लग्न केलंच तर विधवेशी, हुंडा बंद, विधवांचं केशवपन बंद. कायद्यातल्या बारापेक्षा हे कितीतरी पुढचं. त्यांचा मुद्दा होता, की परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. मुद्दा खोटा नव्हता आणि राजकारणात तो बिनतोडही होता. फक्त तो सभेत त्या शब्दांत पोहोचत नव्हता. सभेत पोहोचत होतं, की सुधारक सरकारला मिळाले, आता धर्म बुडाला. प्रतिसूचनेच्या अग्रलेखाचा वाचक आणि सभा उधळणारा तरुण हे एकच पत्र वाचत असतील, पण वेगवेगळं वाचत होते. फेब्रुवारी १८९१ मध्ये विधेयकाच्या बाजूने क्रीडाभुवनात भरलेली सुधारकांची सभा दंग्यात मोडली. १९ मार्चला कायदा झाला. पुण्यातलं भांडण त्याने मिटलं नाही, कारण ते वयावरून कधी नव्हतंच.

रानड्यांची बाजू इथे लंगडी होती. पहिली पत्नी गेल्यावर १८७३ साली, एकतिसाव्या वर्षी, त्यांनी वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं. तीच पुढे रमाबाई रानडे. पुनर्विवाहाचा पुरस्कर्ता आणि स्वतःच्या घरी कुमारिका, हे विरोधक त्यांना कधी विसरू देत नसत. शिवाय भांडारकर काय, रानडे काय, शास्त्रातच आमच्या बाजूचं वचन आहे म्हणत राहिले. म्हणजे रिंगण समोरच्याने आखलं आणि हे त्यात उतरले. एकटे आगरकर उतरले नाहीत. ‘सुधारक’ पत्रातून ते सांगत होते, की शास्त्रात असो वा नसो, बुद्धीला पटतं का ते पाहा. त्याची किंमत म्हणून लोकांनी त्यांच्या पुतळ्याची तिरडी बांधून पुण्यात प्रेतयात्रा काढली. आगरकर जिवंत होते आणि ती त्यांच्या दारावरूनच गेली, असं सांगतात.

आता चहाकडे परत. दोन शास्त्र्यांची चौकशी झाली. चहा पिणं हे किरकोळ पाप ठरलं, म्हणजे प्रायश्चित्तही किरकोळ. टिळकांनी सांगितलं, की आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत. रानड्यांना बहिष्कार अंगावर घेणं अवघड नव्हतं, त्यांनी १८७० पासून तो पाहिलेला. तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं, ते मित्रांच्या घरची कार्यं अडू नयेत म्हणून. रमाबाईंना ते मुळीच रुचलं नव्हतं. त्यांच्या आठवणींत ती खंत उतरली आहे. सुधारकांच्या कट्ट्यावर हसू झालं, सनातन्यांच्या कट्ट्यावर पेढे वाटले गेले नाहीत एवढंच. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चहा प्यायलेल्या माणसाला त्या चहाने काही झालं नाही; त्याच्या व्याह्याला, भाच्याला, मित्राच्या म्हाताऱ्या वडिलांना झालं. यादी छापणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. माणूस स्वतःसाठी वाकत नाही, पण बहिणीच्या लग्नासाठी वाकतो.

याच हंगामात, २८ नोव्हेंबर १८९० ला, गंज पेठेतल्या आपल्या घरी जोतीराव फुले वारले. पंचहौदापासून ते घर चालत काही मिनिटांवर. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून ठेवून गेले. पुस्तक पुढल्या वर्षी निघालं. धर्म बुडाला म्हणणाऱ्यांना फुल्यांनी शास्त्रातला आधार दिला नाही आणि नुसत्या बुद्धीचा हवालाही दिला नाही. त्यांनी सरळ दुसरा धर्मच मांडला. बिस्किट खाल्लं की नुसतं मोडलं यावर वाद घालणाऱ्या गावात ही मोठी गोष्ट होती, पण ती त्या गावाच्या यादीत बसणारी नव्हती.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होणार म्हणून ‘केसरी’ने रान उठवलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं. आणि घरातला गणपती मांडवात आला. गणेशोत्सव पहिल्यांदा कोणी सुरू केला, भाऊ रंगारींनी की टिळकांनी, हा वाद पुणे अजून चवीने घालतं, त्यात मी पडत नाही. माझ्या कामाची गोष्ट निराळी आहे. तोवर पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने नाचत. कित्येकांचे स्वतःचे ताबूत असत. १८९४ च्या गणपतीच्या मेळ्यांतली पदं त्यांना विचारू लागली, की परक्याच्या सणात कशाला जाता? त्याच वर्षी दारूवाला पुलाजवळ, मशिदीवरून वाजत जाणाऱ्या मेळ्यावरून मारामारी झाली. ‘धर्म बुडाला’ला नवा कर्ता मिळाला, आणि तो पेठेबाहेरचा होता. तरी आधी झापलं गेलं ते ताबुतात नाचणाऱ्या हिंदूलाच. परका ठरवायला आधी आपल्यातला एक धरून आणावा लागतो.

या सगळ्याची मतमोजणी १८९५ साली झाली. त्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरणार होतं, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष. दरसालच्या रिवाजाप्रमाणे रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मांडवात व्हायची. मांडव राष्ट्राचा आहे, सुधारकांचा नाही, अशी हाकाटी झाली. परिषद इथे भरवाल तर मांडव पेटवू, इथवर धमक्या गेल्या. रानड्यांनी माघार घेतली. परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरली. त्याच वर्षी टिळकांच्या पक्षाने सार्वजनिक सभा निवडणुकीने ताब्यात घेतली, ती सभा जी रानड्यांनी वीस-बावीस वर्षं वाढवली होती. रानड्यांनी पुढल्या वर्षी डेक्कन सभा काढली. टिळक मुंबईच्या कायदेमंडळावरही निवडून गेले. आगरकर हे बघायला नव्हते, ते जूनमध्येच गेले होते.

म्हणजे पाच वर्षांत काय झालं ते पाहा. ऑक्टोबर १८९० मध्ये एक कप चहा. डिसेंबर १८९५ मध्ये एक संस्था, एक मांडव आणि एक कायदेमंडळाची जागा. मधल्या काळात धर्माचं काय झालं, कोणता संस्कार अडला, कोणता देव रुसला, याचा हिशेब कोणी मागितला नाही. सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेस फुटली म्हणून आपण शाळेत शिकतो. तिची पहिली चीर पुण्याच्या मांडवाला बारा वर्षं आधी गेली होती.

टिळकांना एका वाक्यात बसवता येत नाही, आणि बसवूही नये. हेच टिळक १९१६ मध्ये लखनौला मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना मान्यता देऊन आले. स्वराज्याच्या हिशेबात त्यांना ते परवडलं. १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी जोरदार भाषण केलं, आणि जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. हत्यार परजणाऱ्याला ते खाली ठेवता येत होतं. पण ज्यांच्या हातात ते दिलं होतं, त्यांना ठेवता येईना.

१९२० च्या दशकात ते उलटलं. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने गणपतीचाच मांडव, मेळ्याचीच चाल आणि तीच पदांची धाटणी घेऊन ब्राह्मणांना सुनावायला सुरुवात केली. धर्म बुडालाय खरा, पण तो भटाने बुडवला. १९२५ मध्ये जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ निघालं. त्यात चिपळूणकर आणि टिळक होते. खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि अपिलात जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. अपील जिंकलं. भाषा शिवराळ होती हे जवळकरांचे चाहतेही मान्य करतील. पण तीस वर्षं दुसऱ्याच्या यादीत राहिलेल्यांनी पहिल्यांदाच स्वतःची यादी केली होती, आणि रागावणाऱ्यांना रागावण्याची सवय नव्हती.

त्यापुढच्या वाटेवर शब्दांच्या जागी दगड येतात. १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरात शिरू पाहणाऱ्या अस्पृश्य सत्याग्रहींवर दगड आले. २५ जून १९३४ रोजी हरिजन दौऱ्यावर असलेले गांधी नगरपालिकेच्या समारंभाला येत असताना बॉम्ब पडला. तो भलत्याच मोटारीवर पडला म्हणून गांधी वाचले. ३० जानेवारी १९४८ बद्दल पुणेकर आवाज खाली करून बोलतात, आणि मारेकऱ्याचं पत्र याच शहरातून निघत होतं हे तर फारच खाली करून.

हे हत्यार एका धर्माच्या मालकीचं नाही, हे हमीद दलवाईंनी भोगून दाखवलं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक. १९६६ मध्ये सात मुसलमान बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. फक्त सात. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. ‘सत्यशोधक’ हे नाव फुल्यांकडून घेतलेलं, आणि दलवाईंवर आलेली आरोळी आगरकरांवरच्या आरोळीची उर्दू बहीण: इस्लाम खतरे में. याही वाक्यात खतरा कोणाकडून ते सांगितलेलं नाही. दलवाई १९७७ मध्ये गेले. १९८५ मध्ये शाहबानोच्या पोटगीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेलं काँग्रेस सरकार याच आरोळीला घाबरलं आणि साधारण वर्षभरात निकाल फिरवणारा कायदा करून मोकळं झालं. मग समोरच्यांनाही काहीतरी द्यायला हवं होतं, तोवर अयोध्येचं कुलूप उघडलं होतं. दोन्हीकडच्या आरोळ्यांना एकाच दुकानातून माल गेला.

कायद्याने या हत्याराला बंदी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) सांगतं, की धर्माच्या नावाने मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्टाचार. त्याची सगळ्यात गाजलेली केस महाराष्ट्रातलीच. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, रमेश प्रभू जिंकले, त्यांच्या सभांतल्या बाळासाहेब ठाकरेंच्या भाषणांवरून निवडणूक रद्द झाली आणि पुढे ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. ज्या दिवशी, ११ डिसेंबर १९९५ ला, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, त्याच दिवशी त्याच न्यायालयाने हिंदुत्व ही जीवनपद्धती असल्याचंही म्हटलं. प्रत्येक पक्षाने निकालातली आपल्याला हवी ती ओळ कापून नेली. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी ठरवलं, की उमेदवाराचा असो की मतदाराचा, कोणाच्याही धर्माच्या नावाने मत मागता येणार नाही. तिघांना हे पटलं नाही. त्यानंतर किती सभा झाल्या आणि त्यांत काय काय बोललं गेलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय.

२०२२ चा भोंग्यांचा वाद मला म्हणूनच नमुनेदार वाटतो. गुढीपाडव्याला राज ठाकरे शिवाजी पार्कवर मशिदीवरच्या भोंग्यांबद्दल बोलले. पुण्यात त्याचा पहिला परिणाम कोणावर झाला? कुठल्या मशिदीवर नव्हे. मनसेचे शहराध्यक्ष वसंत मोरे म्हणाले, की आपल्या प्रभागात आपण मशिदीसमोर भोंगे लावणार नाही. आठवड्याच्या आत त्यांचं शहराध्यक्षपद गेलं. हनुमान जयंतीला राज ठाकरेंनी खालकर चौकातल्या मारुतीला महाआरती केली. चौकात कॅमेरे इतके, की मारुतीचं दर्शन मारुतीच्या नेहमीच्या भाविकांना संध्याकाळी उशिरा मिळालं असणार.

२०२४ च्या विधानसभेला तर हिंदीतून आलेली घोषणा होती, ‘बटेंगे तो कटेंगे’. जुनीच युक्ती, नवी भाषा: कापणारा कोण, ते ऐकणाऱ्याने घरी जाताना ठरवायचं. सत्तेतल्याच अजित पवारांना ती जाहीरपणे नाकारावी लागली. दुसरीकडे मौलाना सज्जाद नोमानी यांनी कोणाला मत द्यायचं याची उमेदवारवार यादीच जाहीर केली, आणि तिला उत्तर म्हणून ‘व्होट जिहाद’ विरुद्ध ‘मतांचं धर्मयुद्ध’ आलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात एक यादी फिरत होती, परिसरातल्या कोणकोणत्या दुकानातून काय घेऊ नये याची. पाठवणाऱ्या काकांना मी विचारलं, यादी कोणी केली. ते म्हणाले, “मी फक्त फॉरवर्ड केलं.” गोपाळराव जोशींनी निदान आपल्या हाताने ती छापखान्यात नेऊन दिली होती.

ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सुमारे अठरा वर्षं सरकारदरबारी खेटे घालत होते, त्या कायद्याबद्दल तोवर गावोगाव एकच बोललं जात होतं: हा आला की वारी बंद, सत्यनारायण बंद, घरात देव पुजायची चोरी. १८९१ ची बातमीच पुन्हा छापल्यासारखी. मसुद्यात यातलं काही नव्हतं, पण मसुदा वाचलेले थोडे आणि आरोळी ऐकलेले पुष्कळ. खुनानंतर त्याच आठवड्यात अध्यादेश निघाला, डिसेंबरात नागपूरला कायदा मंजूर झाला.

तो कायदा मी एकदा नीट वाचायला घेतला. अनुसूचीत बारा गोष्टी आहेत: नरबळी, भूत उतरवतो म्हणून साखळीने मारणं, कुत्रं चावल्यावर औषध न घेऊ देता मंत्र घालणं, अशा. आणि मग बारावं कलम येतं. त्यात हा कायदा कशाकशाला लागू नाही याची यादी आहे. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा. हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं. घरात, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये केलेली पूजा-प्रार्थना. सण, उत्सव, मिरवणुका. धार्मिक रीतीने कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन. वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिष्यांचा सल्ला, जमिनीतलं पाणी सांगणाऱ्यांचा सल्ला. आणि अगदी शेवटाकडे, राज्याच्या अधिनियमात, शिक्कामोर्तबानिशी, नंदीबैलवाल्या ज्योतिष्यांचं नाव आहे. त्यांच्या धंद्यालाही या कायद्याने काही होणार नाही.